दप्तरातला फोन



मृगाची पेरणी आणि पोरांचे दप्तर हे दोन खर्च एकाच महिन्यात दारात उभे राहतात. बियाणे, खत, वह्या, गणवेश, एसटीचा पास. या यादीत गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू घुसली आहे आणि ती साऱ्या दप्तरापेक्षा महाग आहे. नववीतले पोर सांगते, "वर्गात समद्यांकडं मोबाईल हाय." बाप म्हणतो, "सोयाबीन निघू दे, मग बघू." आई म्हणते, "द्यायचा का नाही ते आधी ठरवा, सोयाबीनचं मागनं बघा." मला या आईचे म्हणणे पटते. म्हणून आज हा विषय.

यात प्रश्न दोन आहेत आणि आपण ते एकमेकांत कालवून टाकतो. मुलाला फोन द्यावा का, हा घरचा प्रश्न. तो फोन शाळेत चालवू द्यावा का, हा शाळेचा प्रश्न. शाळेच्या प्रश्नाबाबत माझे मत सरळ आहे. तास चालू असताना मुलांच्या हातात, खिशात किंवा बाकाखाली फोन नको. निरोपांची देवाणघेवाण नको, फोटो नकोत, खेळ नकोत. इथपर्यंत बहुतेक पालकांचे आणि गुरुजनांचे एकमत व्हावे. पण "नको" म्हणायचे कसे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्या "नको"पायी एखाद्या मुलीची शाळा कायमची सुटू शकते.

आधी फोन दप्तरात आला कसा ते आठवू. तो काही मुलांनी चोरून आणलेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळांना कुलपे लागली आणि जी शाळा कालपर्यंत फोन जप्त करीत होती, तीच शाळा घरोघरी निरोप धाडू लागली की फोन घ्या, अभ्यास त्यावर येईल. कुणी उसनवारी केली, कुणी दावणीचे जनावर विकले. 'असर' हा ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणारा अहवाल सांगतो की, देशात खेड्यातल्या शाळकरी मुलांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोनच वर्षांनी, २०२० मध्ये, तो ६१.८ टक्के मुलांच्या घरी पोचला होता. २०२४ च्या पाहणीत चौदा ते सोळा वर्षांच्या जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या घरी तो आढळला. सहा वर्षांत एवढ्या वेगाने आपल्या घरात दुसरे काय आले? गॅसची शेगडीसुद्धा इतक्या घाईने आली नव्हती.

शाळा पुन्हा भरल्या, पण फोनवरचे वर्गाचे गट काही बंद झाले नाहीत. गृहपाठ संध्याकाळी गटावर येतो. सहलीची सूचना त्यावर, फीचा तगादा त्यावर, उद्या चित्रकलेची वही आणायची हेही त्यावर. मग ऐन जेवणाच्या वेळी पोर हात पुढे करते, "अभ्यास त्यात आलाय." बापाला नाही म्हणता येत नाही. अभ्यास पाहायला एक मिनिट लागते आणि फोन तासभर परत येत नाही. गुरुजनांना माझी हात जोडून विनंती आहे: गृहपाठ फळ्यावर लिहा. मुले तो वहीत उतरून घेतील, तेवढाच हस्ताक्षराला सराव. तुमच्यावरही वरून रोज माहिती भरण्याचा आणि फोटो पाठवण्याचा बोजा आहे, ते ठाऊक आहे. पण तो कार्यालयाचा बोजा पोरांच्या गळ्यात का?

त्याच २०२४ च्या 'असर' पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. ज्या मुलांना स्मार्टफोन चालवता येतो, त्यांना विचारले की गेल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला का? ५७ टक्के हो म्हणाली. समाजमाध्यमांसाठी, म्हणजे व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम वगैरेंसाठी वापरला का? ७६ टक्के हो म्हणाली. मुले खोटे बोलली नाहीत याचे कौतुक आहे. आपल्याला कुणी विचारले तर बाजारभाव पाहण्यासाठी किती आणि बाकीच्यासाठी किती, हे आपण इतक्या सरळपणे सांगू की नाही, शंका आहे.

आता शाळेत फोन बंद केल्याने खरोखर काही साधते का? इंग्लंडमधल्या चार शहरांतल्या ९१ शाळांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शाळेत फोन बंद झाल्यावर सोळा वर्षांच्या मुलांचे परीक्षेतले गुण थोडे वाढलेले दिसले. पण वाढले कुणाचे? जी मुले मागे होती त्यांचे. हुशार मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. पुढे स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, त्यात असा फायदा आढळला नाही, तेव्हा फोनबंदी हा काही रामबाण उपाय नव्हे. तरीही त्या पहिल्या अभ्यासातली गोष्ट मला आपल्या दृष्टीने महत्त्वाची वाटते. शहरातल्या सुखवस्तू घरचे मूल वर्गात लक्ष चुकले तर संध्याकाळी शिकवणीला जाते. घरी विचारले तर सांगणारे शिकलेले आईबाप असतात. आपल्या पोराला काय आहे? घरी गेले की शेळ्या, वैरण, धाकट्या भावंडाला सांभाळणे. त्याच्या वाट्याला अभ्यास म्हणून जे काही येते, ते शाळेचे पाच-सहा तासच. पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तसे. आपल्या पाळीत बांधावर डुलकी लागली तर पाणी पुढच्याच्या शेतात जाते, आपला वाफा कोरडा राहतो आणि पुढची पाळी कधी येईल त्याचा नेम नसतो.

बाहेरच्या देशांनीही यात पाऊल टाकले आहे. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला बंदी केली. नेदरलँड्सने २०२४ पासून माध्यमिक वर्गांतून फोन बाहेर काढला आणि ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये शाळांसाठी कायदा केला. म्हणजे हे दुखणे काही खेड्यातल्या अडाणी आईबापांपुरते नाही.

कुणी म्हणेल, मग फोनचा शिक्षणाला काही उपयोगच नाही का? आहे की. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी आठवा. पाठ्यपुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे क्यूआर कोड छापून, फोन त्यावर धरला की कविता ऐकू यावी, चित्र हलताना दिसावे, अशी युक्ती त्यांनी आपल्या छोट्या शाळेत आणली. पुढे ती राज्याच्या पुस्तकांत आली आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक पुरस्कार मिळाला. पण गुरुजींच्या हातातला एक फोन आणि चाळीस बाकांखालचे चाळीस फोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विळा आईच्या हातात असला तर वैरण कापतो. म्हणून तो पाळण्यात कुणी ठेवत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो.

एका भगिनीचे पत्र आले आहे. गाव सांगत नाही. मुलगी दहावी झाली, अकरावीला तालुक्याला जाणार. सकाळी पहिल्या गाडीने जायचे, परत येईपर्यंत दिवस मावळतो. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, काही तालुक्यांत खास मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या गाड्याही धावतात. पण गाडी बंद पडली, चुकली, फाट्यावर एकटीला उतरावे लागले तर घरी कळणार कसे? म्हणून आईला वाटते फोन द्यावा. सासरे म्हणतात, "पोरीच्या हातात फोन म्हणजे..." पुढचे वाक्य त्या भगिनीने लिहिलेले नाही. आपल्या गावात ते वाक्य कुणी पुरे करीत नाही, पण साऱ्यांना पाठ असते.

आणि इथेच शाळेच्या नियमाचे दोन अर्थ होतात. मुलाच्या दप्तरात फोन सापडला तर मास्तर कान धरतात, बाप घरी दोन ठेवून देतो, चार दिवसांनी सारे विसरतात. मुलीच्या दप्तरात सापडला तर? शाळेतून निरोप येतो, "वडिलांना घेऊन ये." बाप शाळेत पोचण्याआधी बातमी पारावर पोचलेली असते. फोनमध्ये मैत्रिणीला पाठवलेले चार निरोप आणि गाण्याची एखादी फीत याखेरीज काही नसले तरी कुणी ते पाहत नाही. "बास झाली शाळा, स्थळ बघा," असे कुणीतरी म्हणते आणि त्या घरात ते खरे होते. अठरा वर्षांआधी मुलीचे लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्या दिवशी कुणाला आठवत नाही. शाळेला वाटते आपण नियम पाळला. हजेरीपटावरचे एक नाव गेले, ते कशामुळे गेले हे शाळेच्या कुठल्याच कागदावर येत नाही.

स्वतःचा फोन मुलींकडे आधीच कमी आहे. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, फोन चालवता येणाऱ्या मुलांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये २६.९ टक्क्यांकडे. ज्यांच्याकडे कमी, त्यांनाच शिक्षा जास्त, हा कुठला न्याय?

म्हणून शाळेने फोन वर्गाबाहेर जरूर ठेवावा, पण पकडापकडी करून नव्हे. शाळा म्हणजे चौकी नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी फोन बंद करून जमा करावा आणि सुटताना परत घ्यावा, एवढा साधा रिवाज असला की लपवायचेच कारण राहत नाही. लपवले नाही की सापडले असे होत नाही, आणि सापडले नाही की बोभाटाही होत नाही. तरीही एखादीकडे सापडलाच, तर तो उघडू नये, आतले निरोप वाचू नयेत, वर्गापुढे दाखवू नये. बाईंनी तो ठेवून घ्यावा आणि त्याच दिवशी आईच्या किंवा वडिलांच्या हातात शांतपणे द्यावा. मुलासाठी जो नियम तोच मुलीसाठी, एका शब्दाचाही फरक नको.

दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने सांगितले की, मुलांना शाळेत फोन आणायला सरसकट बंदी करणे योग्य नाही. वापरावर मात्र नियम हवा. जमेल तिथे शाळेने फोन सकाळी जमा करून घ्यावेत आणि घरी जाताना द्यावेत, वर्गात वापर नको, फोटो-चित्रण नको. पण सुरक्षिततेसाठी आणि आईबापांशी संपर्कासाठी फोन उपयोगी पडतो हेही विसरू नये. हा निकाल दिल्लीचा, आपल्या शाळांवर त्याचे बंधन नाही. पण विचार घेण्याजोगा आहे, आणि तो घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

त्या भगिनीला माझा सल्ला असा: मुलीला फोन द्या. मात्र सध्या साधा, बटणांचा द्या. बोलता येते, निरोप पाठवता येतो, चार्जिंग दोन-तीन दिवस टिकते, आणि किंमत इतकी कमी की हरवला तरी घर बसत नाही. त्यात घरचा, शेजारच्यांचा, एसटी आगाराचा आणि वर्गाच्या बाईंचा नंबर घालून द्या. अडचणीत पोलिसांसाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन नंबर तिला तोंडपाठ करायला लावा, फोन हरवला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात. सासऱ्यांना सांगा की ज्या दिवशी गाडी फाट्यावर बंद पडेल, त्या दिवशी पहिला फोन तुमच्याच नंबरावर येईल. आजोबा विरघळतात, असा अनुभव आहे.

मुलगी पुढे स्मार्टफोन वापरणारच, आज नाही तर दोन वर्षांनी. तेव्हा एक गोष्ट आजच तिच्या कानावर घाला. कुणी नको ते निरोप पाठवले, फोटो पसरवण्याची धमकी दिली, तर तिने सर्वांत आधी घरी सांगायचे, आणि सांगितल्याबद्दल तिला मार बसणार नाही, शाळा बंद होणार नाही. हे वचन आधी द्यावे लागते, प्रसंग आल्यावर दिले तर तिला खरे वाटत नाही. धमकी देणारा नेमका याच भीतीवर जगतो की पोरगी घरी बोलणार नाही. निरोप पुसून टाकू नका, तो पुरावा असतो. १९३० या नंबरावर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करा. अल्पवयीन मुलीचा अश्लील फोटो जवळ ठेवणे, पुढे पाठवणे हाही गुन्हा आहे, मग तो पाठवणारा गावातल्या कुणाचाही लाडका असो. नको असलेल्या माणसाला फोनवर रोखायचे कसे, त्याची तक्रार कशी करायची, हे समाजमाध्यम वापरणाऱ्या ६२ टक्के मुलांनाच येते असे ती 'असर' पाहणी सांगते. म्हणजे दहांतल्या जवळजवळ चौघांना येत नाही. शाळेने फोन कपाटात ठेवावा, पण वर्षातून एक तास काढून हे शिकवावे. शहाण्या बाईंना अर्धा तास पुरेल.

आता घरचा प्रश्न. शाळेने दिवसभर फोन ठेवून घेतला आणि संध्याकाळी पोर त्यावर तुटून पडले, तर काय मिळवले? हे नुसते तर्कट नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळांमधल्या १,२२७ मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनबंदी असलेल्या आणि नसलेल्या शाळांतल्या मुलांचा दिवसभराचा एकूण वापर फारसा वेगळा नव्हता, आणि मनःस्वास्थ्यातही फरक दिसला नाही. शाळेतला वेळ वाचतो, पण घरी तो भरून निघतो.

यावर आपल्याच मुलखात एका गावाने वाट काढली. सांगली जिल्ह्यातले कडेगाव तालुक्यातले मोहित्यांचे वडगाव. २०२२ साली गावातल्या बायांच्या ग्रामसभेने विषय लावून धरला आणि ठरले की रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि फोन बंद, दीड तास मुलांचा अभ्यास. साडेआठला पुन्हा भोंगा. सुरुवातीला दारोदार जाऊन आठवण करून द्यावी लागली. यातले मर्म असे की भोंगा पोरांसाठी वेगळा वाजत नाही. बापालाही रील बघत बसता येत नाही, आजीलाही मालिका सोडावी लागते. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने वेगळा ठराव केला: अठरा वर्षांखालच्या मुलांना फोनच नाही. त्या गावाची तळमळ समजते, पण मला वडगावची रीत जास्त पटते. बांशीच्या ठरावात मोठी माणसे मोकळी राहतात, आणि फाट्यावर उभी असलेली पोरगीही फोनविना राहते.

हंगामात दीड तास जमणार नाही, हे मला कळते. रात्रीची वीज असली की मोटारीचा निरोप फोनवर येतो, ऊसतोडीची टोळी उद्या येणार की नाही ते फोनवर कळते. मग अर्धा तास करा. ज्याला फोन लागणारच त्याने तो ओसरीवर जाऊन घ्यावा. चुलीपाशी, जिथे पोर वही घेऊन बसते, तिथे तो वाजू नये.

शाळा सुरू झाली की पालक सभा होईल. बहुतेक सभांत खिचडी आणि छपराची गळती यावर बोलणे होते, तेही आवश्यकच आहे. यंदा हाही विषय काढा. गावातल्या शिंप्याकडून जाड कापडाची, कप्प्यांची पिशवी शिवून घ्या. सगळ्या वर्गाला कप्पे लागत नाहीत, जेवढ्यांकडे फोन आहे तेवढेच मोजा आणि चार जास्त ठेवा. कप्प्यावर नाव घालू नका, हजेरी क्रमांक घाला. पिशवी कुलपाच्या कपाटात, किल्ली मुख्याध्यापकांकडे. फोन हरवला किंवा काच फुटली तर भरपाई कुणी करायची हे त्याच सभेत इतिवृत्तात लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडण ठरलेले. गुरुजनांचे फोनही तासाला बंद राहतील, हे एक वाक्य त्यात असू द्या, मुले ते आधी वाचतात. आणि परत वाटप शेवटच्या घंटेच्या पाच मिनिटे आधी सुरू करा, आधी बाहेरगावच्या मुलींचे, कारण त्यांची एसटी कुणासाठी थांबत नाही.